धागा : बाहाच्या एटीव्हीला बाइकचे शॉकअप लावायचेत, कुणी लावलेत का?

कोल्हापुरी_एटीव्ही
नमस्कार मंडळी. आम्ही थर्ड इयर मेकॅनिकलची पोरं, कॉलेज कोल्हापूर. बाहा एसएईइंडियासाठी (कॉलेजच्या पोरांनी बनवलेल्या, खडबडीत ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्यांची स्पर्धा) गाडी बनवतोय. व्हर्च्युअल राउंड (नुसत्या डिझाइनची फेरी) झाला, आता मुख्य स्पर्धेला पिथमपूर गाठायचंय.

गाडी चालकासकट २५० किलो धरलीय (गाडी १८५, चालक ६५). इंजिन सगळ्यांचं तेच, ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं १० एचपी. गिअरबॉक्स महिंद्रा अल्फाचा, स्टिअरिंग रॅक आणि सीव्ही जॉइंट (इंजिनचा जोर चाकापर्यंत नेणारा वळता सांधा) मारुती ८०० चे. म्हणजे गाडी आधीच गोधडी आहे, दहा ठिकाणचे तुकडे जोडलेली.

अडचण सस्पेन्शनची. सिनिअर्सनी फॉक्स फ्लोट ३ चे चार एअर शॉक (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे) ठेवलेत. त्यातले दोन ठीक आहेत, दोघांचा शाफ्ट वाकलाय. नव्या जोडीला पैसे नाहीत, स्पॉन्सरनं ऐनवेळी हात वर केले. भंगारवाल्याकडून १५० सीसी बाइकचे मागचे शॉकअप घेतलेत, जोडी ७०० रुपयांना. डोळा ते डोळा (दोन टोकांच्या भोकांमधलं अंतर) ३३० मिमी, स्ट्रोक (शॉकअप दबतो तेवढं अंतर) ७५ मिमी. आम्हाला चाकाला २०० मिमी ट्रॅव्हल (वरखाली हालचाल) हवाय.

प्रश्न : हे बसतील का? बसले तर पुढं लावू की मागं?

भंगारप्रेमी
बसतील की! आमच्या वेळी रिक्षाचे शॉकअप लावून चार तासांचा एन्ड्युरन्स (सलग चालणारी शर्यत) काढलाय. स्प्रिंग मऊ वाटली तर उद्यमनगरात नवी वळवून घे, ९ मिमीच्या तारेत. शंभर ठिकाणी विचारत बसू नकोस. ब्रॅकेट मार, वेल्डिंग कर, माळावर पळव.

पेठेतला
आधी शब्द नीट वापरा. एटीव्ही म्हणजे हँडल असलेली चार चाकी, जिच्यावर घोड्यासारखं बसतात. तुमच्या गाडीला स्टिअरिंग आहे, सीट आहे, बेल्ट आहे, डोक्यावर रोल केज आहे. तिला बग्गी म्हणतात.

डँपरवाली
काका, स्पर्धावाले स्वतःच एटीव्ही म्हणतात, त्यामुळे पोरांचा काही दोष नाही. :)

@कोल्हापुरी_एटीव्ही, मी २०१४ च्या बॅचची, टीमची सस्पेन्शन लीड होते. आता चाकणला डँपरचंच (शॉकअपमधला, हेलकावे थांबवणारा तेलाचा भाग) काम करते. "बसतील का" हा प्रश्न तू चौथ्या नंबरला विचारायला हवास. पहिले तीन असे : स्प्रिंगचा रेट (एक मिमी दाबायला लागणारा जोर) किती? मोशन रेशो (चाक एक मिमी हललं की शॉकअप किती दबतो) किती? एका चाकावर स्प्रंग वजन (स्प्रिंगच्या वरचं वजन) किती? ही तीन उत्तरं दे, मग बोलू.

कोल्हापुरी_एटीव्ही
ताई, रेट काढायला शॉकअप एसओएम लॅबमधल्या यूटीएमवर (धातू ओढून-दाबून तपासायचं मशीन) लावला. दोनदा काढला आणि दोन वेगळे आकडे आले. सर म्हणाले, मशीन बरोबर आहे, तुम्ही चुकताय.

डँपरवाली
यूटीएम ४०० किंवा ६०० किलोन्यूटनचं असतं रे. तुझ्या शॉकअपला पूर्ण दबायला दोन किलोन्यूटनसुद्धा लागत नाहीत. धान्याच्या गोदामातल्या काट्यावर हळद मोजल्यासारखं आहे ते.

वर्कशॉपमधला हायड्रॉलिक प्रेस घे. खाली १५० किलोचा प्लॅटफॉर्म काटा ठेव, त्यावर शॉकअप उभा कर आणि दाब. १० मिमीला किती किलो, ४० मिमीला किती किलो, एवढंच लिही. सुरुवातीचं वजन धरू नको, तो प्रीलोड (स्प्रिंग बसवतानाच दिलेला दाब) आहे. फक्त दोन आकड्यांमधला फरक धर. दाबताना आणि सोडतानाही घे, कारण सीलच्या घर्षणानं दाबताना आकडा जास्त येतो आणि सोडताना कमी. दोन्हींची सरासरी घे.

मोशन रेशोसाठी शॉकअप काढून टाक. चाकाखाली जॅक लाव, वीस-वीस मिमी वर घे आणि दर वेळी दोन ब्रॅकेटच्या भोकांमधलं अंतर मोज. चाक वीस मिमी चढलं आणि अंतर नऊ मिमीनं कमी झालं, तर रेशो ०.४५. कॅडवर (कॉम्प्युटरवरच्या आराखड्यावर) विसंबू नको. वेल्डिंग झाल्यावर ब्रॅकेट कॅडमधल्या जागी नसतो.

कोल्हापुरी_एटीव्ही
मोजलं. एक शॉकअप : १० मिमीला ४७ किलो, ४० मिमीला ११४ किलो. म्हणजे ३० मिमीला ६७ किलो, साधारण २२ न्यूटन प्रति मिमी. प्रीलोड मागं जाऊन काढला, २५ किलोच्या आसपास. दुसरा शॉकअप उद्या मोजतो, काटा मेसवाल्या मावशींचा होता, त्यांना परत पाहिजे होता.

अनस्प्रंग (चाक वगैरे, स्प्रिंगखालचं वजन) वजा करून पुढच्या एका चाकावर ४२ किलो, मागच्या एकावर ५८. सध्याच्या ब्रॅकेटवर रेशो ०.३७५ येतो, म्हणजे ७५ च्या स्ट्रोकमध्ये पूर्ण २०० मिमी मिळतात.

डँपरवाली
शाब्बास. आता हिशेब बघ.

चाकाशी रेट म्हणजे स्प्रिंग रेट गुणिले रेशोचा वर्ग. वर्ग विसरू नको, निम्म्या टीम तिथंच गळतात. ०.३७५ चा वर्ग ०.१४, म्हणजे २२ ची स्प्रिंग चाकाशी फक्त ३.१ न्यूटन प्रति मिमी. ४२ किलोवर फ्रिक्वेन्सी (गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली डुलते) १.३७ हर्ट्झ. खाचखळग्यांच्या ट्रॅकला मऊ आहे. प्रीलोड धरूनही गाडी नुसती उभी असताना १०४ मिमी बसणार, म्हणजे अर्धा ट्रॅव्हल खलास. आणि पूर्ण दबल्यावर चाकाला मिळणारा जोर ७२ किलो, उभ्या वजनाच्या पावणेदोन पट. पहिल्याच उडीला खटकन तळ गाठेल.

आता खालचा ब्रॅकेट ए-आर्मवर (चाक धरणारा ए आकाराचा दांडा) बाहेर सरकव, रेशो ०.४५ कर. चाकाशी रेट ४.४५ होतो, फ्रिक्वेन्सी १.६४. उभं असताना ६८ मिमी बसेल, तळाशी ८७ किलो. ट्रॅव्हल मात्र १६७ मिमीच उरतो.

२०० मिमीचा हट्ट सोड. डिझाइनच्या परीक्षकाला २०० हा आकडा ऐकायला आवडतो, पण १६७ का, हे कागदावर दाखवलंस तर जास्त आवडतो.

भंगारप्रेमी
बघा, मी म्हणालोच होतो, बसतात. आणि मागच्याला ९ मिमीची तार. ८ वरून ९ केली की रेट दीडपटीच्या वर जातो. तार चौथ्या घातानं मोजतात.

डँपरवाली
दादा, घात बरोबर आहे. नुसत्या तारेनं १.६ पट. पण स्प्रिंगचा आतला व्यास तोच ठेवायला हवा, नाहीतर ती डँपरच्या नळीवर बसणार नाही. मग सरासरी व्यास एक मिमी वाढतो आणि तिथं थोडं घटतं. २२ ची ३३ होईल. मागच्या ५८ किलोला ती स्प्रिंग म्हणून चांगली आहे.

पण स्प्रिंग बदलाल हो, आतल्या तेलाचं काय? बाइकवर एका शॉकअपच्या वाट्याला ७० किलोच्या आसपास येतं आणि तो जवळजवळ चाकाइतकाच हलतो. इथं रेशो ०.४५ आहे, म्हणून पुढचे ४२ किलो शॉकअपला २०७ किलोसारखे जाणवतात (४२ भागिले ०.४५ चा वर्ग). स्प्रिंग तीच असली तरी डँपिंगचं प्रमाण बाइकवर होतं त्याच्या ५८ टक्क्यांवर येतं. मागं, जाड स्प्रिंग आणि ५८ किलो, तर निम्म्याच्याही खाली. गाडी होडीसारखी डुलत राहील. कम्यूटर बाइकचा शॉकअप पॅकबंद असतो, तो उघडून घट्ट तेल भरणं सोपं नाही.

त्यामुळे माझं मत : बाइकचे पुढं, फ्लोट मागं.

नागपुरी_संत्रा
काय बे, सगळे फ्लोट पुढं लावतात. पुढचं चाक आधी आपटते ना भाऊ.

डँपरवाली
आपटतं पुढचं आधी, पण जास्त वजन मागं आहे : इंजिन, गिअरबॉक्स, टाकी. उडीवरून उतरताना मागचं जोरात बसतं. शिवाय मागची फ्रिक्वेन्सी पुढच्यापेक्षा जरा जास्त हवी. उंचवट्यावर पुढचं चाक आधी चढतं, मागचं नंतर. मागचं थोडं वेगानं हललं की ते पुढच्याला गाठतं आणि गाडी डोलत नाही. फ्लोटमध्ये ते हवेच्या दाबानं जमवता येतं, बाइकच्यात नाही.

मिशिगनकर
उशिरा आलो. माझ्याकडे खरीखुरी हँडलवाली एटीव्ही आहे, पेठेतल्या काकांना चालेल अशी. :) २००२ ची होंडा टीआरएक्स ४०० ईएक्स. सिल्व्हर लेकच्या वाळूच्या टेकड्यांवर पळवतो. इकडे तर हा उद्योग म्हणजे राष्ट्रीय खेळ आहे. ४०० ईएक्सच्या पुढच्या शॉकला फक्त प्रीलोड बदलता येतो, म्हणून लोक टीआरएक्स ४५० आर चे शोधतात, त्यांना कम्प्रेशन (दबतानाचं डँपिंग) आणि रिबाउंड (सुटतानाचं) दोन्ही बदलता येतात. मीही जुन्या सामानाच्या दुकानातून एक जोडी घेतली.

फिटिंगला एक संध्याकाळ लागली. डोकेदुखी पुढं वर्षभर चालली. आधीच्या मालकानं त्यात त्याच्या वजनाची स्प्रिंग घातली होती. मी ६८ किलोचा, तो गडी ११० चा असावा. वर्षभर मी रिबाउंडचे खटके फिरवत बसलो. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिकनं मला गाडीवर बसवलं, पट्टी घेऊन गाडी किती बसते ते मोजलं आणि एवढंच म्हणाला, "ही स्प्रिंग तुझी नाही."

दुसऱ्या मॉडेलचा शॉक घेताना फक्त डोळा ते डोळा लांबी बघू नका. लांब शॉक लावला की ए-आर्म जास्त खाली लोंबकळतो, बॉल जॉइंट वाकड्या कोनात जातो आणि टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाकडे जाणारा दांडा) कोनही बदलतो, मग खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप वळतं. ब्रेकचा पाइपही तपासा, चाक पूर्ण खाली सोडल्यावर तो ताणला जातो का ते.

कोल्हापुरी_एटीव्ही
धन्यवाद काका. आमचा ड्रायव्हर ६५ किलोचा आहे, पण मेसमध्ये बसला की सांगता येत नाही.

ताई, एक शंका. पुढं जागा कमी आहे, शॉकअप जरा आडवा टाकावा लागतोय. आडव्यापासून ३० अंश.

डँपरवाली
नको! हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतंस.

हे शॉकअप ट्विन ट्यूबचे असण्याची शक्यता जास्त आहे : आत एक नळी, बाहेर एक, मधल्या जागेत खाली तेल, वर हवा किंवा गॅस. तो उभा असतो तेव्हा तेल तळाच्या झडपेपाशी राहतं. इतका आडवा झाला की झडपेपाशी हवा येते, तेलात फेस होतो आणि फेसाला डँपिंग नसतं. जाड नळी खाली आणि उभ्यापासून ४५ अंशांच्या आत ठेव. फ्लोट कसाही ठेव, त्यात तेल आणि गॅस पिस्टननं वेगळे असतात.

आणि ब्रॅकेट? बोल्ट दोन्ही बाजूंनी धरलाय की एकाच?

कोल्हापुरी_एटीव्ही
वरचा दोन्ही बाजूंनी. खालचा... एकाच.

नागपुरी_संत्रा
भाऊ, दोन वर्षांपूर्वी आमचं तेच झालं. एन्ड्युरन्सच्या तिसऱ्या तासाला एका बाजूनं धरलेला एम १० चा बोल्ट वाकला, शॉक ए-आर्ममधून निसटला आणि चाक गाडीखाली गेलं. चार महिन्यांची मेहनत दहा रुपयांच्या बोल्टापायी. आत्ताच कापून काढ.

पेठेतला
बोल्टावर ८.८ किंवा १०.९ (बोल्टाच्या ताकदीचे आकडे) कोरलंय ना, तेवढं बघा. बाजारात काहीही मिळतं. आणि शॉकच्या डोळ्यातला रबरी बुश फक्त थोडा पिळला जाऊ शकतो. बोल्ट ए-आर्मच्या बिजागरीला समांतर ठेवा, नाहीतर बुश फाटेल.

(बग्गीच आहे ती.)

कोल्हापुरी_एटीव्ही
अपडेट. खालचा ब्रॅकेट कापला, नवा यू आकाराचा लावला, एम १२, १०.९. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी वेल्डिंग केलं. म्हणाले, "मागच्या वर्षीच्या पोरांनी पण हेच कापून नेलं होतं, तुम्ही आधीच येत जा की." उभ्यापासून ३८ अंश कोन, रेशो ०.४४. फ्लोट मागं, हवेचा दाब ५५ पीएसआय. शिरोलीच्या पलीकडे वीटभट्टीच्या माळावर पळवली. नाद खुळा! खड्ड्यात गाडी पितेय एकदम.

पण एक भानगड आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी केली की पुढून डावीकडे झुकते, १८ मिमी. ड्रायव्हर मधोमध बसतो, टाकीही मधोमध आहे. रोल केज वाकडी असेल म्हणून दोरा लावून मोजली, ती सरळ आहे. दोन दिवस झोप नाही.

भंगारप्रेमी
टायरमधली हवा?

कोल्हापुरी_एटीव्ही
दोन्हीकडे सारखी. चाकं डावी-उजवी बदलून पण बघितली. डावीकडेच.

मिशिगनकर
मागच्या फ्लोटमध्ये हवा कमी-जास्त? मागचा एक कोपरा उचलला की पुढचा तिरका कोपरा दबतो.

कोल्हापुरी_एटीव्ही
काका, मागची दोन्ही चाकं टांगून, शॉक पूर्ण उघडून मोजली. ५५ आणि ५५. पंप काढताना फुस्स आवाज येतो, तिथं जाते का हवा?

डँपरवाली
नाही, तो आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा. आता आठव, तू लिहिलं होतंस, "दुसरा शॉकअप उद्या मोजतो." मोजलास का?

कोल्हापुरी_एटीव्ही
...

डँपरवाली
वाटलंच. :) स्प्रिंगच्या खाली खाचा असलेली कडी असते, पाना घालून फिरवायची. भंगारात आलेल्या जोडीतले दोन्ही शॉकअप एकाच बाइकचे असतीलच असं नाही, आणि असले तरी कुणीतरी एकाच बाजूची खाच फिरवलेली असते. दोन्हीकडच्या बघ.

कोल्हापुरी_एटीव्ही
डावा पहिल्या खाचेवर, उजवा चौथ्या. चिखलाखाली दिसतच नव्हतं. घासून दोन्ही दुसऱ्या खाचेवर आणले. झुकणं ३ मिमी राहिलं. दोन दिवस केज मोजली आम्ही! दोरा धरून उभा असलेला ज्युनिअर अजून बोलत नाही माझ्याशी.

मावशींचा काटा परत आणला. दुसऱ्याचा रेट २१, चालेल असं वाटतंय.

डँपरवाली
चालेल. २१ आणि २२ मधला फरक ड्रायव्हरला कळत नाही. आता सलग दीड तास चालव आणि मला डँपर हाताला किती गरम लागतो ते सांग. फ्लोटचा दाबही थंड आणि गरम दोन्ही वेळी घे. २५ अंशांना ५५ असेल तर ६० अंशांना ६३ च्या आसपास जाईल, म्हणजे शेवटच्या तासाला मागं गाडी कडक होते. त्यासाठी सकाळी थोडी कमी भरून निघायचं.

आणि दोन गोष्टी राहिल्या. पुढं रबरी बंप स्टॉप हवा, शॉकअपच्या आत लोखंडावर लोखंड आपटायच्या आधी लागेल असा. आणि मागं चाक खाली लोंबकळू नये म्हणून पट्टा. उडीत चाक हवेत पूर्ण सुटलं की ८०० चा सीव्ही जॉइंट जास्त कोनात जातो, आणि मग तुटल्यावर सगळे सस्पेन्शनवाल्यांना शिव्या देतात.

कोल्हापुरी_एटीव्ही
दीड तास चालवली. पहिली पन्नास मिनिटं मस्त. मग पुढून डुलायला लागली, ताई म्हणाल्या तशी होडी. नळीला हात लावून तीन आकडे मोजायच्या आत काढावा लागला. वीस मिनिटं थांबवली की परत ठीक. फ्लोट ५४ वरून ६१ वर गेले. उजव्या शॉकअपच्या शाफ्टवर तेलाची बारीक रेघ दिसतेय.

बंप स्टॉप स्पेअरच्या दुकानातून एका जुन्या कारचे आणून कापून बसवले. पट्टा ट्रकचा माल बांधायच्या बेल्टचा, दोन पदरी शिवून.

भंगारप्रेमी
पुढं एका चाकाला दोन-दोन शॉकअप लाव. डँपिंग डबल.

डँपरवाली
ही आयडिया खरंच वाईट नाही दादा, पण स्प्रिंगही डबल होईल. एकाची स्प्रिंग काढून नुसता डँपर लावला तर चालेल, पण ब्रॅकेट, वजन आणि कॉस्ट रिपोर्ट (स्पर्धेला द्यायचा खर्चाचा अहवाल) सगळंच बदलतं. स्पर्धेला किती दिवस?

कोल्हापुरी_एटीव्ही
एकवीस.

डँपरवाली
मग नको. गाडीला आता हात लावू नका. ड्रायव्हरला सांग, पन्नास मिनिटांनंतर पुढून डुलायला लागेल, तेव्हा मोठ्या उड्यांना वेग कमी कर. शॉकअपपुढचं फायबरचं पॅनल कापून वारा जाऊ दे. आणि पिटमध्ये एक मोजलेली, ब्रॅकेटमध्ये बसवून बघितलेली स्पेअर जोडी तयार ठेव. रेघ दिसतेय म्हणजे तो शॉकअप चार तास काढेल याची खात्री नाही.

कोल्हापुरी_एटीव्ही
भंगारवाल्याकडे त्याच मापाची दुसरी जोडी नाही. टीममधल्या एकाच्या बाइकला तेच आहेत, पण ती बाइक त्याच्या पप्पांची आहे.

नागपुरी_संत्रा
पप्पांची नको बे काढू. माझ्याकडे तीच जोडी पडून आहे, बाइकला गॅसवाले टाकले तेव्हाची. डोळा ते डोळा मोजतो आज संध्याकाळी. ३३० असली तर उद्या एसटी पार्सलनं टाकतो, कोल्हापूरच्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बसस्थानक) उचल.

कोल्हापुरी_एटीव्ही
भावा, लई उपकार. पार्सलचे पैसे पाठवतो.

नागपुरी_संत्रा
३३० भरली. पैसे नको, पिथमपूरला भेटू तेव्हा पोहे खाऊ घाल. आणि हो, दोन्हीच्या खाचा बघितल्या. दोन्ही तिसऱ्यावर आहेत.